घडी न मोडलेली कॅडिलॅक

अमेरिकेतले मित्र अधूनमधून मला जुन्या गाड्यांच्या जाहिराती पाठवतात आणि खाली एकच प्रश्न असतो: "घेऊ का?" त्यातली एक जाहिरात मला आता पाठ झाली आहे, कारण विकणारा बदलला तरी मजकूर बदलत नाही. १९७६ सालची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडून मागे मिटता येणारी गाडी. पांढरा रंग, पांढरं छत, आत पांढरं लेदर. एकच मालक. रनिंग जेमतेम बारा हजार मैल. कायम गॅरेजमध्ये. अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल, त्यामुळे अत्यंत दुर्मिळ. फोटोत लांबच लांब बॉनेट, क्रोमची चमचमती जाळी आणि सोफ्यासारखी आसनं. किंमत मात्र नव्या चांगल्या एसयूव्हीपेक्षा कमी.

इथे माणूस गोंधळतो. इतकी दुर्मिळ, इतकी जपलेली, मग इतकी स्वस्त का? काहीतरी खोट असणार. बहुतेक वेळा खोट नसते. जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा असू शकतो, फक्त "त्यामुळे" हा एक शब्द चुकलेला असतो. तो का चुकला हे कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

आधी गाडी काय आहे ते पाहू. एल्डोराडो हे नाव कॅडिलॅकने १९५३ साली पहिल्यांदा विक्रीच्या गाडीला दिलं. दक्षिण अमेरिकेतल्या सोन्याने माखलेल्या राजाच्या दंतकथेतलं हे नाव. सोनं हा धागा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. १९७१ ला जो अवतार आला, त्याचीच १९७६ ची गाडी ही शेवटची आवृत्ती. लांबी सुमारे ५.७ मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच ३.२ मीटर, म्हणजे आपली मारुती ८०० या दोन चाकांच्या मध्ये जवळजवळ अख्खी मावली असती. वजन सव्वादोन टनांच्या पुढे.

बॉनेटखाली ५०० घन इंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याची ताकद १९० अश्वशक्ती. हा आकडा वाचून आजचा वाचक हसतो, कारण भारतात मिळणारी दीड लिटरची टर्बो इंजिनंही आज दीडशे-एकशेसाठ अश्वशक्ती देतात. त्यातही गंमत अशी की याच मापाच्या इंजिनाची १९७० साली ४०० अश्वशक्ती सांगितली जायची. सहा वर्षांत निम्म्याहून जास्त ताकद गेली कुठे? थोडी खरोखर गेली आणि बरीच कागदावर गेली. प्रदूषणाचे नियम आले, शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावं म्हणून इंजिनातला दाब कमी केला. ही खरी घट. पण मोजण्याची रीतही बदलली. पूर्वी इंजिन नुसतंच स्टँडवर ठेवून मोजत, पंखा, सायलेन्सर, एअर फिल्टर असलं कोणतंही ओझं न लावता. १९७२ पासून गाडीत जसं बसतं तसं, सगळं लावून मोजायला लागले. कणसाचं वजन सालीसकट आणि सालीविना, तसा हा फरक. चालवताना मात्र ही गाडी अशक्त वाटत नाही, कारण इंजिन अगदी संथ फिरतानाच जोर देतं. ती पळत नाही, सरकते. ॲव्हरेज विचारू नका. विचारलंच तर लिटरला चार किलोमीटर मिळाले तर नशीब समजा.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते, पण मला ती सगळ्यात आवडते. एवढी अजस्र गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. इंजिन गाडीच्या लांबीत उभं, नेहमीसारखं. गिअरबॉक्स मात्र त्याच्या मागे नसून बगलेत. दोघांना जोडायला एक रुंद साखळी. त्यामुळे गाडीच्या पोटातून मागे जाणारा दांडा नाही, म्हणून आतली जमीन सपाट. पुढच्या लांब सीटवर मधे बसणाऱ्यालाही पाय ठेवायला जागा मिळते.

आता "शेवटची" या शब्दाकडे वळू.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या आसपास कन्व्हर्टिबल गाड्या विकल्या जात. दहा वर्षांत हा बाजार आटला. एसी स्वस्त झाला. एसी लावून काचा बंद करून बसायचं, तर छत उघडायचं कशाला? मोठे महामार्ग झाले, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या गाडीत बोललेलं ऐकू येत नाही. शहरांत चोर छत ब्लेडने फाडून आत शिरत. वरून सरकार गाडी उलटल्यावर छत किती भार सोसतं याचे नियम आणू पाहत होतं. ते नियम शेवटी कन्व्हर्टिबलवर लादले गेले नाहीत, पण लादले जातील या धास्तीने कंपन्यांनी नवी मॉडेलं आखणंच सोडलं. क्रायस्लर आणि फोर्ड आधीच बाहेर पडल्या होत्या. कॅडिलॅक ज्या जनरल मोटर्सची, तिच्याच शेव्हरोले, ब्यूक, ओल्ड्समोबील, पाँटिॲक या भावंडांच्या कन्व्हर्टिबलनी १९७५ ला निरोप घेतला. १९७६ साली अमेरिकन बनावटीची उघड्या छताची एकच मोटार उरली, ती म्हणजे एल्डोराडो. (ब्रिटिश आणि जर्मन कन्व्हर्टिबल तिथल्या शोरूममध्ये खुशाल विकल्या जात होत्या. पण "शेवटची" म्हटलं की असल्या बारीकसारीक गोष्टी कोणाला ऐकू येतात?)

कॅडिलॅकने हे दडवलं नाही, उलट गाजवलं. आदल्या वर्षी ८,९५० कन्व्हर्टिबल बनल्या होत्या, शेवटच्या वर्षी १४,००० बनल्या. २१ एप्रिल १९७६ ला डेट्रॉईटच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले हजर होते. अमेरिकन स्वातंत्र्याची द्विशताब्दी त्याच वर्षी होती, म्हणून शेवटच्या २०० गाड्या एकसारख्या केल्या: सगळ्या पांढऱ्या, आत पांढऱ्या लेदरला लाल किनार, लाल गालिचा, बॉनेटवर लाल-निळ्या बारीक रेघा आणि डॅशबोर्डवर तशी पट्टी.

गाडीची छापील किंमत ११,०४९ डॉलर. लोकांनी त्याच्या वर पैसे मोजून गाड्या घेतल्या, काहींनी दोन-दोन घेतल्या. त्या चालवण्यासाठी नव्हत्याच. पैठणी घ्यावी, घडीही न मोडता कपाटात ठेवावी आणि लेकीच्या लग्नात बाहेर काढावी, तसा बेत होता. फरक इतकाच, की इथे एकाच दिवशी हजारो घरांनी एकाच रंगाढंगाची पैठणी कपाटात टाकली.

सगळा घोटाळा इथे आहे. जुन्या वस्तूची किंमत ती किती बनली यावर ठरत नाही. किती उरल्या आणि त्यातल्या किती चांगल्या अवस्थेत उरल्या, यावर ठरते. १९५३ ची पहिली एल्डोराडो फक्त ५३२ बनली. १९५९ ची, ती उंच पंखांची कन्व्हर्टिबल, १,३२० बनली. त्या गाड्या लोकांनी वापरल्या, ठोकल्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेल्या, गंजल्या, भंगारात निघाल्या. कोणाला वाटलंच नाही की या जपाव्यात. म्हणून आज चांगली सापडली तर किंमत डॉलरमध्ये सहा आकडी जाते. १९७६ ची मात्र पहिल्या दिवसापासून जपली गेली. चौदा हजारांमधल्या कितीतरी गाड्यांचं रनिंग आजही नगण्य आहे. या मॉडेलमध्ये कमी रनिंग हा अपवाद नाही, जवळपास शिरस्ता आहे. भरपूर चाललेली, तरी उत्तम ठेवलेली १९७६ ची एल्डोराडो शोधणंच कदाचित जास्त कठीण जाईल.

वर नशिबाने आणखी टोला दिला. १९८२ ला क्रायस्लरने लबॅरन कन्व्हर्टिबल आणली आणि ती चालली. १९८४ ला खुद्द कॅडिलॅकने एल्डोराडो कन्व्हर्टिबल पुन्हा बाजारात आणली. आठ वर्षांपूर्वी "शेवटची" म्हणून गाडी घेतलेल्या काही मालकांनी ही फसवणूक आहे म्हणून दावा लावला. तो टिकला नाही. माझी सहानुभूती थोडी मालकांकडे जाते, पण थोडीच. आपण पुन्हा कधीच अमुक करणार नाही, हे कंपनीचं बोलणं गुंतवणुकीचा पाया म्हणून धरायचं, म्हणजे धाडसच.

आता सोन्याकडे येतो. अमेरिकेत सामान्य माणसाला सोनं बाळगायला चाळीसेक वर्षं बंदी होती, ती १९७४ च्या शेवटच्या दिवशी उठली. १९७६ साली सोन्याचा भाव औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) सव्वाशे डॉलरच्या आसपास होता. म्हणजे त्या गाडीच्या छापील किमतीत पावणेतीन किलो सोनं आलं असतं. आज औंसाला नुसते दोन हजार डॉलर धरले (भाव त्याच्या बराच वर गेला आहे) तरी त्याचे पावणेदोन लाख डॉलर होतात. महागाईचा हिशेब लावला तर ११,०४९ डॉलर म्हणजे आजचे साठ हजारांच्या घरातले डॉलर. बहुतेक चांगल्या १९७६ च्या कन्व्हर्टिबल या आकड्याच्या बऱ्याच खाली विकल्या जातात. सोन्याच्या राजाचं नाव लावलेल्या गाडीला सोन्याने मागे टाकलं, आणि पन्नास वर्षं गॅरेज, विमा, बॅटरी यांवर झालेला खर्च मी धरलेलाही नाही.

म्हणजे किंमत कमी असण्याचं गूढ उलगडलं. आता दुसरा भाग: घ्यायचीच झाली तर बारा हजार मैलांची गाडी चांगली की नाही?

पैठणीची गोष्ट पुन्हा आठवा. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी कोणी वापरत नाही, तरी घडीवर चिरते. म्हणून जाणत्या बायका ती मधून मधून उलगडतात आणि घडी बदलून ठेवतात. गाडीचंही तेच. काही भाग चालवल्याने झिजतात, काही नुसत्या वयाने मरतात, आणि काही तर न चालवल्यानेच खराब होतात. रनिंगचा आकडा यातल्या फक्त पहिल्या प्रकाराबद्दल बोलतो.

या इंजिनातलं उत्तम उदाहरण म्हणजे टायमिंग चेनचं, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडमिट करणाऱ्या साखळीचं, दातेरी चाक. आवाज कमी व्हावा म्हणून कॅडिलॅकने त्या चाकाच्या दात्यांवर नायलॉनचा थर दिला होता. नायलॉन उष्णतेने आणि वयाने ठिसूळ होतं. मग दाते तुटतात, तुकडे खाली तेलात पडतात, तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात, आणि साखळी सुटली की इंजिन जागच्या जागी बंद. गाडी बारा हजार मैल चालली की नव्वद हजार, नायलॉनचं वय पन्नासच. ज्याची गाडी भरपूर चालली, त्याने हे चाक बहुधा कधीतरी बदलून घेतलेलं असतं. ज्याची कपाटात होती, त्याच्याकडे मूळचंच असतं, आणि ते तो अभिमानाने सांगतो.

दुसरं ठिकाण बाहेरूनच दिसतं. १९७३ पासून अमेरिकेत नियम आले, की हळू वेगाच्या धडकेत बंपरने मार खावा, दिव्यांना आणि बाकी भागांना इजा होऊ नये. म्हणून बंपर आत दबून परत बाहेर येतील असे बसवले. पण बंपर हलणार म्हणजे त्याच्या आणि मडगार्डच्या मधे फट हवी, आणि ती फट झाकायला लवचिक प्लॅस्टिकचे तुकडे आले. हे तुकडे ऊन लागो न लागो, काही वर्षांत वाळतात, तडकतात, आणि बोट लावलं की बिस्किटासारखे चुरतात. आजच्या बहुतेक गाड्यांवर ते बदललेले असतात, बरेचदा फायबरग्लासचे. त्यात वावगं काही नाही. पण "शंभर टक्के मूळची" म्हणणाऱ्या गाडीवर हे तुकडे नवेकोरे आणि सरळ दिसले, तर विक्रेत्याला हसून एक प्रश्न जरूर विचारावा.

आणि मग छत. जुन्या कन्व्हर्टिबलचं छत मागे घडी होताना मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंची जागा खायचं. १९७१ पासून जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्यांत नवी रचना आली. सांगाडा कात्रीसारखा आतल्या बाजूला मिटतो, त्यामुळे मागे तीन माणसं ऐसपैस बसतात. एक विजेची मोटर दोन केबल फिरवते, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि दोन्हीकडच्या छोट्या गिअरपेट्या छत उचलतात. दोन्ही बाजू एकाच लयीत चालल्या तर सुंदर. पण वाळलेल्या ग्रीसमुळे किंवा झिजलेल्या दात्यांमुळे एक बाजू मागे पडली, की दुसरी बाजू तिला ओढते आणि अख्खा सांगाडा पिळवटतो. हे दुरुस्त करणारे थोडे, आणि ते स्वस्त नाहीत. ज्याने हे छत दर उन्हाळ्यात शंभरदा उघडलं-मिटलं, त्याला त्याची कुरबुर वेळीच कळते. ज्याने वीस वर्षं उघडलंच नाही, त्याला काहीच माहीत नसतं.

बाकीचं झरझर सांगतो. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं होऊन कार्बोरेटर भरतं. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या काळच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून गंज चढवतं. टायरची नक्षी कोरी दिसते, पण कडेवरचा आकडी शिक्का वाचा. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर मागच्या शतकातला आहे आणि त्यावर महामार्गावर जाऊ नये. एसीमध्ये गारवा देणारा पूर्वीचा आर-१२ वायू असेल, तर त्याचं उत्पादन अमेरिकेत १९९५ अखेर थांबलं, म्हणजे तो पुन्हा भरून मिळणं अवघड. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असणं हा कायम गॅरेजमध्ये असलेल्या गाडीचा खास रोग. काही गाड्यांवर कार्बोरेटरऐवजी त्या काळचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आहे. ऐकायला आधुनिक, पण सुटे भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. मी कार्बोरेटरवालीच घेईन.

रनिंग खरं आहे का, हाही प्रश्न आहेच. या गाडीचा ओडोमीटर पाच आकडी. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे बारा हजार हे एक लाख बारा हजारही असू शकतात, आणि कोणी खोटं बोललेलं नसतं. इतक्या जुन्या गाड्यांना विक्रीच्या वेळी कागदावर रनिंग नोंदवण्याच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे सरकारी कागदाचा उपयोग नाही. ब्रेकच्या पेडलवरचं रबर पाहा, ड्रायव्हरच्या दाराकडच्या आर्मरेस्टवरचं लेदर पाहा, आणि जुन्या पावत्या मागा. तारीख आणि रनिंग दोन्ही असलेल्या चार पावत्या गोड बोलण्याच्या तासाभरापेक्षा मोलाच्या.

गाडी मुळात कन्व्हर्टिबलच होती का, ते तिचा कारखान्यात दिलेला चासी क्रमांक सांगतो. तेव्हा तेरा अक्षरांचा क्रमांक असे. तो ६एल६७एस असा सुरू झाला तर कन्व्हर्टिबल. ६७ च्या जागी ४७ असेल तर ती बंद छताची कूपे होती, आणि कोणीतरी करवतीने हौस भागवली आहे. द्विशताब्दीच्या २०० गाड्यांपैकी एक असल्याचा दावा असेल, तर दुप्पट सावध व्हा. पांढरी गाडी, लाल गालिचा आणि बॉनेटवर रेघा हे सगळं एखादा बरा पेंटर आणि एखादा बरा सीट-कव्हरवाला मिळून आठवडाभरात करू शकतात.

मग मित्राला मी काय सांगितलं? बारा हजारवाली सोड आणि पन्नास-साठ हजार मैल चाललेली, फाईलभर पावत्या असलेली, दर वर्षी रस्त्यावर आलेली बघ. ती थोडी स्वस्तही मिळते. लेदरला सुरकुत्या असतील, क्रोमवर एखादा ठिपका असेल. विमा घेताना नेहमीची घसारा-पॉलिसी न घेता, गाडीची किंमत आधीच दोघांत ठरवून लिहिणारी क्लासिक गाड्यांची पॉलिसी घे. आणि गाडी पाहायला जाशील तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवू नका असं फोनवरच सांग. थंड इंजिन चालू होताना जे बोलतं, ते गरम झाल्यावर बोलत नाही.

तो गेला, पण बारा हजारवालीच पाहायला. पांढरं लेदर डोळ्यांसमोरून हलेना म्हणे. गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. मग याने छत उघडून दाखवायला सांगितलं, तर विक्रेता म्हणाला, ते बरेच दिवसांत उघडलेलं नाही, उगाच कशाला.

मित्राने खिशातला फोन काढून मला विचारलं, "आता?"

"डावीकडे कान दे, आणि बटण त्यालाच दाबायला सांग."